सातबाऱ्याची तिरकी रेघ

सातबारा उतारा ऐकून माहीत नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर आले म्हणून तो सातबारा, आणि लिहायची रीत ७/१२. मधली तिरकी रेघ इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण हाच उतारा स्कॅन करून संगणकात ठेवायला बसा आणि फाईलला ७/१२ असं नाव द्या. संगणक ते घेत नाही. मग कुणी ७-१२ लिहितं, कुणी ७.१२, कुणी 'सातबारा', कुणी रोमन लिपीत एक 'ए' घालून तर कुणी दोन 'ए' घालून. घरात एकच माणूस हे करत असेल तर काही बिघडत नाही. ऑफिसात मात्र पाचजण एकाच कपाटात कागद ठेवत असले, की एका उताऱ्याची पाच नावं होतात. आणि गरज लागते तेव्हा सहावा माणूस शोधून शोधून दमतो आणि सांगतो, 'उतारा नाहीच आहे.'

मला या 'नाहीच आहे'बद्दल लिहायचं आहे. कागद असतो, पण नावामुळे हरवतो.

मी बँकेत लागले तेव्हा सगळा कारभार लेजरवर चालायचा. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढे हळूहळू आमच्या टेबलांवर यंत्रं आली. पण त्याआधी प्रत्येक शाखेत दप्तरी नावाचा एक माणूस असे. व्हाउचरांचे गठ्ठे शिवायचे, त्यांवर तारीख घालायची, रेकॉर्डरूममध्ये कुठला गठ्ठा कुठल्या फळीवर हे लक्षात ठेवायचं, हे त्याचं काम. त्याच्याकडे नाव घालण्याची एकच पद्धत होती आणि मॅनेजरसाहेबसुद्धा ती मोडत नसत. संगणक आले आणि दप्तरी गेले. आता ऑफिसातला प्रत्येकजण आपापल्या टेबलावर बसून दप्तरी झाला आहे. सगळ्यांच्या फाईली जिथे जातात त्या जागेला कुणी 'सर्व्हर' म्हणतं, कुणी 'झेड ड्राइव्ह', कुणी 'शेअरिंगचा फोल्डर'. म्हणजे सामाईक कपाट. कपाट एक आणि दप्तरी दहा, अशी आजची अवस्था आहे.

निवृत्तीनंतर मी बदलापुरात राहते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एका रांगेतली गावं. 'बँकेतल्या मॅडमना फाईली कळतात' अशी माझी आसपास ख्याती झाल्यामुळे सोसायट्या, छोटे कारखाने, दुकानदार मला बोलावतात. संगणकाच्या पोटातलं काम शेजारचा मुलगा करतो, 'काकू, तुम्ही फक्त नावं वाचा' म्हणतो. नावं वाचता वाचता जे ध्यानात आलं ते सांगते.

आधी या गावांच्याच नावांकडे पाहा. उल्हासनगर म्हणजे मूळचा कल्याण कॅम्प, दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसं या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पण पत्ता अजूनही कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात आणि जुना पत्ता लिहितात तो बराक नंबर, तिरकी रेघ, खोली नंबर असा. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा काळ कोरलेला आहे. गाव एवढं जुनं, पण रोमन लिपीत त्याची दोन स्पेलिंगं चालतात, एकात 'बी'नंतर 'ई', दुसऱ्यात 'ए'. बदलापूरच्या स्टेशनवर नुसतं बदलापूर, तर नगरपरिषदेच्या पाटीवर कुळगाव-बदलापूर. माणसाला हे सगळं एकच वाटतं. यंत्राला प्रत्येक अक्षर वेगळं.

आता त्या तिरक्या रेघेचं. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फाईल, असा पत्ता लिहिताना मधली हद्द दाखवायला युनिक्स नावाच्या प्रणालीने हीच रेघ घेतली. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांची सोय झाली तेव्हा ही रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली होती, म्हणून त्यांनी उलटी तिरकी रेघ घेतली. आज विंडोज दोन्ही रेघांना हद्द मानतं. त्यामुळे ७/१२ लिहिलं की यंत्र समजतं, 'सात' नावाच्या फोल्डरातली 'बारा' नावाची फाईल. विंडोजमध्ये अशी नऊ चिन्हं वर्ज्य आहेत: दोन्ही तिरक्या रेघा, उभी रेघ, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि लहान-मोठं दाखवणारे दोन कोन. म्हणून 'सभा १०:३०' चालत नाही आणि 'बिल भरलं का?' हेही चालत नाही. शिवाय नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही. काही शब्द डॉसच्या काळापासून यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. रोमन लिपीत 'पीआरएन' ही तीन अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी प्रिंटर. विद्यापीठाच्या पीआरएन नंबरांचा फोल्डर त्या तीनच अक्षरांनी काढायला गेलेल्या क्लासवाल्याला कळतच नाही की आपलं काय चुकलं.

उल्हासनगरात कॅम्प पाचच्या बाजूला जीन्स शिवण्याचे कारखाने दाटीवाटीने आहेत. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असतं, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. एकाच नावाखाली दोन वस्तू असल्या की काय होतं, ते या गावाला शिकवायला नको. तिथल्या एका छोट्या कारखान्यात लेबलांची चित्रं काढणारा मुलगा मॅक संगणकावर काम करी आणि हिशेबनीस विंडोजवर. मॅकवर फाईलच्या नावात तिरकी रेघ टाकता येते. मुलगा गिऱ्हाइकाचा बराक नंबर आणि खोली नंबर रेघेसकट टाकून फाईल सामाईक डब्यात ठेवी. विंडोजवर तीच फाईल अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या आणि लाटेसारख्या चिन्हाच्या नावाने दिसे. हिशेबनिसांना वाटलं, व्हायरस आला. ते पुसणार होते. शेजारच्या मुलाने त्यांचा हात धरला, मॅकवर जाऊन रेघेच्या जागी आडवी रेघ टाकली, आणि 'व्हायरस' गेला. पन्नासएक लेबलांची चित्रं वाचली.

त्या फळीवरच्या डब्याची एक गंमत सांगते. अशा डब्यांत बहुधा लिनक्स असतं आणि त्याची विंडोजशी गाठ घालून देतं सांबा नावाचं सॉफ्टवेअर. ते ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल याने १९९२ साली सुरू केलं. संगणकांच्या त्या भाषेचं नाव 'एसएमबी'. त्याने दिलेलं पहिलं नाव आधीच दुसऱ्या कंपनीचं निघालं, म्हणून त्याने एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शब्दकोशात शोधले आणि सांबा सापडलं. नावांच्या भांडणातूनच त्याचं नाव आलं.

लाटेसारख्या चिन्हाची ओळख आमच्या पिढीला जुनी आहे. डॉसमध्ये फाईलच्या नावाला आठ अक्षरं, टिंब आणि पुढे तीन अक्षरं एवढीच जागा. आमच्या तीन गावांपैकी रोमन लिपीत बदलापूर बरोबर आठ अक्षरांत बसतं. अंबरनाथला नऊ लागतात, उल्हासनगरला दहा. १९९५ साली विंडोज ९५ आलं, लांब नावं देता येऊ लागली, पण जुन्या प्रोग्रामांसाठी यंत्र मनातल्या मनात छोटं नाव करून ठेवी: पहिली सहा अक्षरं, लाट आणि आकडा. 'उल्हासनगर कॅम्प पाच' हा फोल्डर आधी काढला असेल तर त्याला आकडा एक मिळे आणि नंतर काढलेल्या कॅम्प एकला दोन. जुन्या फ्लॉप्यांवरून उतरवलेल्या हिशेबांत अशी छोटी नावं अजून आढळतात. त्यातला आकडा कॅम्पचा समजून कुणी वाचला की एका कॅम्पची येणी दुसऱ्याच्या खात्यावर.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली तक्रार निराळीच होती. 'एका संगणकावर फाईल उघडते, दुसऱ्यावर नाही.' फाईल तीच, डबा तोच. नाव मोजलं तेव्हा उलगडा झाला. विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रामांना ड्राइव्हपासून फाईलपर्यंतचा सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांची मर्यादा आहे. एक्सेलला तर २१८च. इथे 'कारखाना', त्यात वर्ष, त्यात गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव, त्यात ऑर्डरचं वर्णन, असे फोल्डरात फोल्डर झाले होते. एका संगणकाने डब्याच्या आतल्या फोल्डरला थेट झेड म्हटलं होतं, दुसऱ्याने सगळ्या डब्याला. दुसऱ्याचा पत्ता तेवढाच लांबला आणि मर्यादेबाहेर गेला. २०१६पासून विंडोजमध्ये ही मर्यादा काढण्याची सोय आहे, पण प्रत्येक प्रोग्राम ती मानेलच असं नाही. मधले दोन फोल्डर कमी करणं हा खात्रीचा उपाय.

मराठी नावांना यात दुहेरी मार बसतो. 'वार्षिक' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. यंत्र मात्र काना, रफाराचा र, हलन्त, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजतं आणि सात म्हणतं. लिनक्सच्या डब्यात तर नाव बाइटमध्ये मोजतात. मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. विंडोजवर सुखाने नांदणारी लांबलचक मराठी नावाची फाईल डब्यात उतरतच नाही. रात्री आपोआप होणारा बॅकअप अशा फाईली वगळून पुढे जातो आणि सकाळी कुणी यादी पाहत नाही. उल्हास नदीकाठच्या या पट्ट्याला २००५ आणि २०१९च्या जुलैमधला पूर चांगला आठवतो. संगणक पाण्यात गेल्यावर बॅकअप उघडावा आणि नेमक्या मराठी फाईलीच त्यात नसाव्यात, ही वेळ कुणावर येऊ नये.

पण सगळ्यात जिवाला लागलेली गोष्ट बदलापुरातल्या एका सोसायटीतली. एका सभासदाचं निधन झालं. त्यांनी सदनिकेसाठी पत्नीचं नामनिर्देशन केलं होतं, असं त्या बाई ठामपणे सांगत होत्या. त्यांच्याकडची प्रत घर बदलताना गहाळ झाली होती. सोसायटीचे सगळे जुने कागद स्कॅन करून सामाईक ड्राइव्हवर ठेवलेले. सेक्रेटरींनी तीन वेळा आडनाव टाइप करून शोधलं. काही आलं नाही. 'वहिनी, नामनिर्देशन नाहीच आहे,' त्यांनी सांगितलं. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे बँकेतल्या माणसाला शिकवायला नको. पण ते असलं की सोसायटीचं पुढचं काम सरळ होतं. नसलं की वारसांचे दाखले, हमीपत्रं, गावाकडच्या दिरांच्या सह्या. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. नवऱ्याने आपला विचारच केला नव्हता की काय, असं त्यांना वाटत होतं.

त्यांच्या आडनावात 'ऱ्ह' होता, 'कुऱ्हाड' शब्दात असतो तसा. तिथेच सगळी मेख होती. मराठीतला हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त देतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं. स्कॅन करणाऱ्या मुलीने एका कीबोर्डवर नाव लिहिलं होतं, सेक्रेटरी दुसऱ्या कीबोर्डवर शोधत होते. शेजारच्या मुलाने आडनाव सोडून दिलं आणि फक्त सदनिकेचा नंबर टाकला. नामनिर्देशनाचा अर्ज समोर आला. खाली नवऱ्याची सही होती. बाई बराच वेळ त्या सहीकडे पाहत बसल्या.

'पगार', 'पावती' असल्या शब्दांना हा त्रास नाही. 'कर्मचाऱ्यांचे', 'शेतकऱ्यांचे', 'दुसऱ्या' यांना आहे. ज्या शब्दावर माझं पोट भरलं तो 'बँक' शब्दसुद्धा दोन प्रकारे लिहिला जातो, ब वर एकच चंद्रबिंदू देऊन किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली, त्याआधी लोक ते जुळवून लिहीत. देवनागरी २ आणि रोमन लिपीतला दोनचा आकडा हेही वेगळेच. याचा अर्थ मराठीत नावं देऊ नयेत असा मुळीच नाही. मराठी नाव जरूर द्यावं, पण शोधायला आधार म्हणून जोडीला एक नंबर द्यावा.

हे शहाणपण नवीन नाही. आपल्या देशात एकाच नावाची कित्येक गावं, लिप्या अनेक, स्पेलिंगं मनाला येतील तशी. टपाल खात्यासमोर हाच प्रश्न होता. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृतचे कवी आणि पंडितही होते, पिनकोडची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. पत्ता कुठल्याही लिपीत लिहा, सहा आकडे बरोबर असले की पत्र अंबरनाथला ४२१५०१वर पोचतं. बँकेच्या आयएफएससी कोडचंही तेच: पहिली चार अक्षरं बँकेची, मग शून्य, मग सहा शाखेची, एकूण अकरा. वेलणकरांनी गावांची नावं पुसली नाहीत. नावाशेजारी सगळ्यांना सारखाच कळेल असा आकडा ठेवला.

घरी, सोसायटीत, दुकानात हे कसं करायचं? आधी एका कागदावर ठरवा. तारीख वर्षापासून सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमही हाच. मग सदनिकेचा किंवा बिलाचा नंबर, एक आकडा असेल तर आधी शून्य लावून, नाहीतर काही प्रोग्राम एकनंतर दहा आणि मग दोन मांडतात. मग दोन-तीन शब्दांत विषय. तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ. ७/१२ला 'सातबारा' असंच लिहा, कारण ७-१२ एक्सेलमध्ये टाकलं की ते ७ डिसेंबर किंवा १२ जुलै होऊन बसतं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं' ही नावं कायमची सोडा. सगळ्या फोल्डरांत 'पगार' नावाचीच फाईल ठेवू नका, एक्सेल एका नावाच्या दोन फाईली एकदम उघडत नाही. रोमन लिपीत लिहाल तर सगळं लहान अक्षरांत लिहा, विंडोजला लहान-मोठं अक्षर सारखं, लिनक्सला वेगळं.

जुनी नावं दुरुस्त करायची असतील तर घाई नको. आधी पूर्ण प्रत दुसरीकडे काढा. सगळ्यांनी फाईली बंद केल्यावर, संध्याकाळी, एकानेच नावं बदला. एका फाईलमधले आकडे दुसरीतून येत असतील तर नाव बदलल्यावर ती साखळी तुटते, ती पुन्हा जोडा. जुनं नाव आणि नवं नाव यांची दोन रकान्यांची यादी करून त्याच फोल्डरात ठेवा. दप्तरीही असंच रजिस्टर ठेवायचा.

माझ्या मनात येतं ते इतकंच. उल्हासनगरात कागद म्हणजे डोक्यावरचं छप्पर असतं. निर्वासितांना मिळालेल्या जागांचे कागद, बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली झालेल्या खास कायद्याखालचे अर्ज, हे ज्यांनी सांभाळले त्यांची घरं राहिली. आता ते कागद लोखंडी पेटीतून संगणकात येत आहेत. पेटीत हात घालून चाचपता येत होतं, इथे फक्त नावाने हाक मारता येते. आणि हाक मारणारा बहुतेक वेळा आपण नसतो. तो आपला वारस असतो, नवा सेक्रेटरी असतो, बदलून आलेला कारकून असतो.

बदलापूर हे नाव पूर्वीच्या काळी इथे घोडे बदलत म्हणून पडलं, असं गावात सांगतात. एक स्वार उतरे, दुसरा पुढे जाई. उतरणाऱ्याने लगाम कुठे टांगायचा ते ठरलेलं असे, म्हणून अंधारातही दुसऱ्याचा हात त्यावर पडत असणार.